शरणप्पा कॉलेज बघायला गेले

“बैल बाजारात बघू नये, घेणाऱ्याच्या दावणीला बघावा.”

दुधनीच्या शरणप्पांचं हे जन्मभराचं बोलणं. बाजारात शिंगांना तेल असतं, पाठीवर झूल असते आणि धन्याच्या जिभेवर गूळ. म्हणून कुणी बैल पारखायला नेलं, की शरणप्पा त्याच धन्यानं मागच्या साली विकलेला बैल आधी बघून येत. न सांगता, भर दुपारी. दावण रिकामी दिसली की खूश; बैल औताला गेलाय. बांधलेला दिसला की मागं फिरत. आमच्याकडं बैल सरले, ट्रॅक्टर आले, तरी सोयरीक ठरवायला माणसं त्यांनाच नेत. रीत तीच.

नात काव्या बारावी झाली आणि तिनं बंगळूरचं फादर लोकांचं विद्यापीठ मनात धरलं. मानसशास्त्र शिकायचं म्हणाली. तिचे वडील मल्लिनाथ सोलापूरच्या कॉलेजाला अडून बसले. बापलेकीचं पटेना, तेव्हा मल्लिनाथ म्हणाले, “अप्पा सांगतील तसं.”

काव्यानं आज्याला फोनवर जाहिरात दाखवली. जुनं नाव, दगडी चर्च, हसरी पोरं, सगळ्यांना नोकऱ्या.

“ही झूल झाली,” शरणप्पा म्हणाले. “तितं शिकून आलेलं कोण हाय का आपल्याकडं?”

होटगीची दानेश्वरी होती, रेल्वेतल्या ईरप्पांची लेक. दुसऱ्या दिवशी आजा-नात न कळवता तिच्या दारात उभे राहिले. भर दुपार. दानेश्वरी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

शरणप्पांनी नुसतं काव्याकडं पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ तिला कळला: बैल बांधलेलाच दिसतोय.

“नोकरी न्हाय व्हय, बाळ?” त्यांनी दानेश्वरीला विचारलं.

“हाय की, अज्जा. बसा आधी, पाणी आणते.”

चहा पिता पिता दानेश्वरी सरळ बोलली. “नाव लई मोठं हाय, खोटं न्हाय. त्या नावानं दार उघडतंय. आत बसायला पाट आपणच न्यावा लागतोय.” बरोबरच्या काहीजणी मोठ्या कंपन्यांत गेल्या, पण त्या मूळच्या शहरातल्या, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या. काहीजणी अजून शोधतायत. तिला स्वतःला वर्षभर काम नव्हतं. मग शिकवणाऱ्या सिस्टरबाईंनी तिला बरोबर नेऊन एका दवाखान्यात उभं केलं.

“आन गळ्यातलं?” शरणप्पांनी हळूच विचारलं. फादर लोक गळ्यातलं इष्टलिंग काढायला लावतात, असं गावातल्यांनी त्यांच्या कानात भरलं होतं.

दानेश्वरीनं हसून ओढणीआडची इष्टलिंगाची चांदीची डबी दाखवली. “उलट सिस्टरच विचारायच्या, पूजा करून आलीस का म्हणून.”

शरणप्पा उठायच्या बेतात होते. तोच शेजारची महादेवी लेकीचा दंड धरून आली. परीक्षेच्या धास्तीनं पोरीनं जेवण सोडलं होतं. दानेश्वरीनं शेंगांचं सुपडं बाजूला सारलं, पोरीला आत नेलं आणि दार लोटलं.

“सकाळी सोलापूरच्या दवाखान्यात, दुपारनंतर हितं,” महादेवी ओट्यावर टेकत म्हणाली. “पगार बेताचाच म्हणं. पण अख्खं गाव येतंय हिच्याकडं.”

आतलं काही ऐकू येत नव्हतं. ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं. दार उघडलं तेव्हा पोरीचे डोळे सुजलेले होते. ती आईला म्हणाली, “अव्वा, भाकरी हाय का घरात?”

शरणप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “औत घरातच चालतंय म्हणायचं,” ते म्हणाले. “मी नुसती दावण बघितली.”

परतीच्या वाटेवर काव्याला धीर निघेना. “अज्जा, मग?”

“झूल हाय तेवढी खरी न्हाय. पण कामाचा बैल निघतोय तितं. तुझ्या बापाला सांगतो मी.”

“मी बैल व्हय?”

“मंग! हट्टी हायस की तेवढी. पण ऐक, वर्षभर काम न्हाय मिळालं तर फादर लोकांच्या नावानं बोटं मोडायची न्हाईत.”

“रडत घरी आले तर चालंल की न्हाय?”

“ये की. रड, जेव, आन सकाळी परत कामाला लाग.”

नव्या दावणीला बैल बांधला की वळून बघायचं नाही, नाहीतर जनावर दोर तोडतं, ही शरणप्पांची आणखी एक रीत. सोलापूर स्टेशनात त्यांनी काव्याची पिशवी बंगळूरच्या गाडीत ठेवली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडी हलायच्या आधीच निघाले. धोतराचा सोगा हातात, पाऊल सावकाश. जिन्याशी थांबले. टोपी नीट केली. वळले मात्र नाहीत. जिना चढून ते दिसेनासे होईपर्यंत काव्या खिडकीतून बघत राहिली.