दंड वाळेपर्यंत

पाथर्डीकडच्या आमच्या गावात देवी टोचायला येणाऱ्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्याला देवीडॉक्टर म्हणत. तोंडभर देवीचे व्रण, सायकलला अडकवलेली पिशवी. टोचून झालं की तो उंबऱ्यावर बसायचा आणि पोराच्या दंडावरची लस वाळेपर्यंत हलायचा नाही. त्याची पाठ फिरली की देवीच्या कोपाला भिऊन बाया ती राखेनं पुसून टाकत, हे त्याला ठाऊक होतं.

"लस म्हंजी रगताला दावलेला चोराचा फोटू," तो सांगायचा. "मंग रगत राखनदार तयार करतं. चोर आला की ते दारातच धरत्यात. मला देवी येऊन गेल्यात, माज्याकडं ते हायेत." शाळेत प्रतिपिंडं शिकवताना मी त्याचेच शब्द वापरायचो.

आमच्या घरी माझ्या धाकट्या मुलीला टोचलं तेव्हा मात्र तो बसला नाही. "गुर्जींचं घर हाय," म्हणाला आणि सायकलवर टांग मारली. मी शाळेत गेलो. माझ्या आईनं धाकटीचा दंड पुसला.

तीन महिन्यांनी धाकटीला देवी आल्या. शेजारपाजारचं कुणी फिरकेना. तिला पुरायला माझ्याबरोबर तो एकटाच आला. माती लोटून झाल्यावर म्हणाला, "गुर्जी, मी बसाया पायजे हुतं."

परवा तो माझ्या पुतण्याला टोचायला आला. टोचून उंबऱ्यावर बसला. मी चहा पुढे केला, त्यानं हात लावला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. पोराच्या दंडाकडेच बघत राहिला.