जाळीपलीकडची टकटक

माझा दादा जाळीच्या भिंती धुतो. अंगणाला, गच्चीला सिमेंटच्या नक्षीदार ब्लॉकची भोकाभोकांची भिंत असते ना, ती. लोक हौसेने बांधतात. दोन-चार वर्षांत भोकांत कोळी घरं करतात, तळाला शेवाळ चढतं, वर पांढरं मीठ फुटतं, आणि मग घरमालकाला दादाची आठवण होते. पंचेचाळीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही. वरून रंग मारून द्या म्हणणाऱ्याला तो सांगतो, "घाण झाकायचीच असेल तर पडदा लावा, मला कशाला बोलावता?"

हे काम एकट्याचं नाही. भोकं आरपार असतात, म्हणून अलीकडे एक आणि पलीकडे एक माणूस लागतं. पलीकडे वहिनी असायची. शेवाळ आणि मीठ काढायला दादा ॲसिडचं पाणी ओततो, पण सिमेंट कोरडं असलं तर ते ॲसिड पिऊन टाकतं आणि भिंत कायमची खरबरीत होते. म्हणून वहिनी आधी तिच्या बाजूने भरपूर पाणी मारायची, बाजूला व्हायची आणि ब्रशच्या लाकडी दांड्याने ब्लॉकवर दोनदा टकटक करायची. ती ऐकल्याशिवाय दादा ॲसिडच्या पाण्याला हात लावायचा नाही. मी चिडवायचे, "दादा, भिंत तुझी आणि हुकूम वहिनीचा." तो म्हणायचा, "म्हणून तर दोघंही धड आहोत."

तेव्हा मी नवऱ्याचं घर सोडून त्यांच्याकडे येऊन राहिले होते. एका दुपारी कामावर डबा घेऊन गेले. शाळेमागच्या गल्लीतलं घर, फुलांच्या नक्षीची लांबलचक भिंत. वहिनीचा ब्रश भिंतीवर आडवा पडला होता आणि ती चार पावलांवर उकिडवी बसून तळाच्या भोकातली गोगलगाय काढत होती. ॲसिडने मरायला नको म्हणून. मला गंमत सुचली. म्हटलं, बघू या, माझा भाऊ किती आज्ञाधारक आहे ते. मी ब्रश उचलला आणि दोनदा टकटक केली.

मला वाटलं होतं, तो वरून ओतेल आणि वहिनी उठून मला दोन शब्द सुनावेल. पण खालून सुरुवात करून वर जायचं, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत, हा त्याचा शिरस्ता. इतकी वर्षं बघत होते, तरी मला आठवला नाही. तळाच्या भोकातून ॲसिडचं पाणी थेट तिच्या तोंडावर आलं. वहिनी किंचाळलीसुद्धा नाही. "अगं," एवढंच म्हणाली आणि डोळ्यावर हात दाबून मातीत आडवी झाली. तो डोळा गेला.

दवाखान्यात दादा भेटेल त्याला सांगत होता, "मी ऐकली. दोनदा. या कानांनी ऐकली." शेवटी त्याने वहिनीलाच विचारलं. ती म्हणाली, "मी वाजवलं नव्हतं." एक अक्षर खोटं बोलली नाही. मग उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं आणि कूस बदलली. मी मूग गिळून बसले.

पुढे एकदा स्वयंपाकघरात मी विषय काढायला गेले, तर ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "त्याने तुला घरात ठेवलं नसतं. तू कुठे गेली असतीस?" त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

दादाचा मात्र स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडाला. दाराची घंटा वाजली तरी आधी विचारायचा, "वाजली का?" फोन वाजला की आमच्या तोंडाकडे बघायचा. वहिनी पुढे अठरा वर्षं त्याच्याबरोबर कामावर गेली, पण टकटक बंद झाली. पाणी मारून झालं की ती भिंतीला वळसा घालून त्याच्यासमोर येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "ओत." मग तो ओतायचा. लांब भिंत असली की दिवसभरात किती फेऱ्या व्हायच्या तिच्या. मी त्या मोजायचे.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली, आणि दादाला पुन्हा टकटक ऐकू यायला लागली. धुता धुता मध्येच थांबायचा, वळसा घालून पलीकडे जाऊन बघायचा, रिकाम्या जागेकडे बघत उभा राहायचा आणि परत यायचा. तीन दिवसांची भिंत दहा दिवस चालायची. दादाचा मुलगा, माझा भाचा, म्हणाला, "आत्या, बाबांचं काम आता बंद करू या. डोक्यावर परिणाम झालाय." मला खरं माहीत होतं. काम सुटलं असतं तर दादा संपला असता, तेही दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर अंगणात एकटी बसले की ती टकटक मलाही ऐकू यायची.

गेल्या महिन्यात त्याच शाळेमागच्या घरून बोलावणं आलं. म्हटलं, पलीकडे मी उभी राहते. तळाचे दोन ब्लॉक अजून खरबरीत होते, आतली खडी दिसत होती. त्या दिवशी वहिनीने तिथे पाणी मारलंच नव्हतं. मी दोन बादल्या पाणी मारलं, बाजूला झाले आणि ब्रशने दोनदा टकटक केली.

"वाजलं का?" दादाने विचारलं. सिमेंटच्या फुलातून त्याचा अर्धाच चेहरा दिसत होता.

"वाजलं. मी वाजवलं."

"बरं."

"दादा, त्या दिवशीही मीच वाजवलं होतं."

मग पाणी ओतल्याचा आवाज आला, पाठोपाठ ब्रशचा. तीन ओळी धुऊन झाल्यावर त्याने विचारलं, "तिला माहीत होतं?"

"हो."

"माझ्यासमोर येऊन उभी राहायची रोज," तो म्हणाला. "रोज."

त्या संध्याकाळी दाराची घंटा वाजली आणि दादाने कुणालाही न विचारता उठून दार उघडलं. भाच्याला आनंद झाला. बाबा सुधारले, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. मीही हसले. मलाही आता एकटी बसले तरी ती टकटक ऐकू येत नाही. दादाने मला घराबाहेर काढलं नाही, एका शब्दाने बोलला नाही. आम्ही अजून कामावर बरोबर जातो. मी पलीकडे पाणी मारते, बाजूला होते, दोनदा टकटक करते, आणि तो ओततो. मध्ये काम थांबत नाही. पलीकडे कोण आहे हे बघायला तो आता वळसा घालून येत नाही.