चिचगडचं आक्रसलेलं घर

विवेक साहेबांच्या गोंदियातल्या आर्किटेक्ट ऑफिसात यादोराव वीस वर्षं ट्रेसिंग पेपरवर नकाशे काढत आले. रेघ अशी, की मंजुरी देणारे बाबूही खोट काढायला कचरत. २००४ मध्ये साहेबांनी कॉम्प्युटर आणला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, यादोराव आता घरी बसणार. ते बसले खरे, पण कॉम्प्युटरसमोर! पन्नाशीत माउस धरायला शिकणं म्हणजे खायचं काम नव्हे. पण दोन महिन्यांत हा गडी पडद्यावर जिने चढवू लागला.

मग चिचगडच्या जीवनलाल रहांगडाले या शेतकऱ्याच्या घराचं काम आलं. नकाशा झकास झाला. ऑफिसातला प्रिंटर लहान. मोठ्या कागदावर छापायचं तर नागपूर गाठावं लागे. यादोरावांनी 'कागदात बसव' म्हणून बटण दाबलं आणि अख्खं घर एका पानात निमूट बसलं. आठ दिवसांनी जीवनलालांचा फोन आला, तोही थेट साहेबांना.

"साहेब, चुन्यानं आखून झालं. पर या खोलीत बाज टाकली त माणसानं उभं कुठं राहाव?"

साहेबांनी फोन ठेवला. "यादोराव, सोमवारी डिप्लोमा झालेली मुलगी येऊन राहिली. कॉम्प्युटर तिला द्या. तुम्ही फाइली सांभाळा."

यादोरावांच्या ते जिव्हारी लागलं, खोटं कशाला सांगायचं! पण वाद न घालता त्यांनी देवरीची बस धरली आणि तिथून चिचगड गाठलं.

गवंडी सुकराम हातात फूटपट्टी घेऊन उभाच होता. "भाऊ, तुमीच त शिकवलं, कागदावर एक इंच म्हणजे जमिनीवर चार फूट. आकडे मुंगीवानी बारीक, दिसून नाही राहिले. मंग मी पट्टीच लावली."

यादोरावांनी पट्टी लावून पाहिली. बारा फुटांची खोली तीन इंच भरायला हवी होती, भरली दोन. पानात बसता बसता घर एक तृतीयांशानं आक्रसलं होतं. आणि पट्टीची ही सवय तालुक्यातल्या झाडून साऱ्या गवंड्यांना त्यांनीच लावलेली!

"चूक माझी," ते जीवनलालांना म्हणाले. पाया खोदला नव्हता, एवढं नशीब. चुना पुसून संध्याकाळपर्यंत नवी आखणी झाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच नकाशा खऱ्या मापात चार पानांवर छापला, पानं डिंकानं जोडली आणि साहेबांच्या टेबलावर अंथरली. साहेबांनी पट्टी लावली. खोली बरोबर तीन इंच.

"हे ठीक. पण सोमवारची मुलगी?"

"येऊ द्या ना. कॉम्प्युटर तिला माझ्याहून चांगला येत असन. पर सुकराम कागद कसा वाचते, हे तिला कोण शिकवन? तिच्यासाठी दुसरा आणा. हा मी सोडून नाही राहिलो."

साहेबांनी नागपूरच्या दुकानाला फोन लावून विचारलं, सोमवारपर्यंत आणखी एक कॉम्प्युटर मिळेल का.