आयुष्यभर अपडेट

केदार बोईसरचाच. वडील लातूरकडून तारापूरच्या कारखान्यात कामाला आले आणि इथलेच झाले. पोराने औद्योगिक वसाहतीत स्वतःचा गाळा थाटला आणि मच्छिमार बोटींसाठी एक वायरलेस डबी बनवायला घेतली. बोट समुद्रात कुठे आहे ते ती किनाऱ्यावरच्या घरी एका छोट्या पडद्यावर दाखवायची. नाव ठेवलं ‘सोबती’. खोक्यावर ऐटीत छापलं, ‘आयुष्यभर अपडेट’. कोणाचं आयुष्य, तेवढं छापायचं राहिलं.

डबीतली चिप परदेशी कंपनीची. तिच्यातला प्रोग्रामही त्यांचाच, कुलूपबंद. काही बिघडलं की त्यांनी दुरुस्त करून पाठवायचं आणि केदारने ते डबीत भरायचं, बस्स. स्वतः हात घालायची सोय नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांची मेल आली: ही चिप बनवणं बंद केलं आहे, यापुढे दुरुस्ती मिळणार नाही, आणि हिच्यातलं तारखेचं गणित अमुक आठवड्यात कोलमडून ती बंद पडणार आहे.

“सर, गिऱ्हाइकांना कळवायला हवं,” त्याची इंजिनिअर मेघाली म्हणाली.

“बघू.”

या ‘बघू’चा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. जुन्या चिपा शिल्लक होत्या. त्याच घालून केदारने जवळच्या नवापूर या कोळ्यांच्या गावात अकरा बोटींवर डब्या बसवल्या. मेघाली त्याच्याकडे बघायचं टाळू लागली.

यंदा नारळीपौर्णिमेला नवापूरच्या कृष्णकांत तांडेलाच्या बायकोने, रखमाने, हौसेने पुढाकार घेतला. अकराही डब्या बोटींवरून उतरवून एका पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, समोर नारळ फोडला. बोटी समुद्रात गेल्या आणि पाचव्या दिवशी अकराच्या अकरा घरांतले पडदे कोरे झाले. कृष्णकांतची बोट परतेपर्यंत दोन दिवस रखमाच्या घशाखाली घास उतरला नाही. सगळे सुखरूप आले, पण खापर फुटलं ते पूजेवर.

केदार नवापूरला पोचला तेव्हा रखमाच्या अंगणात बायका जमल्या होत्या. रखमा खाली मान घालून पुढे आली.

“भाऊ, माज्याच हातून झाला. नारल फोडला तवा पानी उडाला डब्यांवर. मी पुसला, पन कोनाला बोलले नाय.”

केदारला काय सांगायचं ते माहीत होतं. तरी तोंडातून भलतंच निघालं. “हं... पाणी गेलं असेल आत.”

इतकं सहज खोटं बोलता येतं याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. तेवढ्यात रखमा वाकली. आईच्या वयाची बाई, तिने त्याच्या पायांना हात लावला. “तुमची यंत्रा खराब केली मी. माफी करा.”

केदार पुतळ्यासारखा उभा राहिला. मग मोटरसायकलकडे निघाला. मागून कोणीतरी म्हणालं, “पुडल्या वरसापासून पूजेला हिला बोलवायचाच नाय.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. रखमाने पदर तोंडाला लावला.

केदारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो परत फिरला.

“पाण्याचं काही नाही,” तो म्हणाला. “पूजेचंही नाही. आतली चिपच बंद पडणार होती. ती बनवणाऱ्यांनी हात वर केले होते. मला दोन वर्षांपासून माहीत होतं. या डब्या बसवल्या तेव्हाही माहीत होतं.”

आता शिव्या पडतील, पडू देत, असं केदारला वाटलं. शिव्या पडल्या असत्या तर बरं झालं असतं.

रखमाने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं.

“तुमाला म्हाईत होता?”

“हो.”

“मंग आता मी पाया पडले, तवा पाय मागं का नाय घेतले, भाऊ?”