कोंडीभाऊंचा कोरा कागद

अर्जदार: (मयत) कोंडीभाऊ, राहणार आहुपे, तालुका आंबेगाव. सामनेवाला: मी, राहणार निरगुडसर, कचेरीबाहेर पंचवीस वर्षे अर्ज लिहिणारा. साक्षीदार: शेजारच्या चहावाल्या सुनंदाबाई. दिवस: गेल्या महिन्यातील बाजाराचा.

त्या दिवशी कोंडीभाऊंचा पुतण्या मृत्यूच्या नोंदीचा अर्ज लिहून घेण्यास आला, आणि तेव्हाच मला बातमी कळली...

कोंडीभाऊ दर बाजारी एसटीने डोंगरातून उतरत, हिरडा विकत आणि माझ्या पत्र्याच्या पेटीवर येऊन बसत. माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले असले, तरी मनुष्यस्वभावाचा अभ्यास मोठा आहे. मी त्यांना समजावून सांगे, की मनुष्य हा मुळातच अपुरा आहे. उणीव आहे म्हणून तो मागतो, आणि जो काहीच मागत नाही त्याला मनुष्य म्हणणे अवघड आहे.

"मंग आमी कोन, धोंडा?" ते हसत.

"बसताय तर तसंच," सुनंदाबाई म्हणत. "मागा की काय तरी, कोंडीभाऊ. रायटरचं पेन वाळाया लागलंय."

एकदा या थट्टेला कंटाळून त्यांनी माझ्या कोऱ्या कागदाच्या तळाशी अंगठा उठवला. "मागनं सुचलं की सांगतो. तवर ऱ्हाऊ द्या."

शेवटच्या काही भेटींत ते छाती चोळत बसत. सुनंदाबाईंनी विचारले, तर "एसटीपत्तूरचा चढ लागला" एवढेच म्हणाले. मी पाहत होतो. अर्जदाराने तोंड उघडल्याखेरीज लेखणी उचलायची नाही, हा माझा नियम. त्याचा मला अभिमान होता. दवाखाना कचेरीपासून हाकेच्या अंतरावर आहे.

पुतण्याला मी मृत्यूचे कारण विचारले.

"छातीत दुखत व्हतं. बोललं न्हाई कुनाला." मग तो म्हणाला, "हिरड्याचा हंगाम संपला तरी यायचं तुमच्याकडं. रायटर बोलतो, ऐकत बसलं की बरं वाटतं, म्हनायचं. काकी गेल्यापास्नं घरात येकलंच व्हतं."

काकी गेल्याचे मला ठाऊक नव्हते... उणिवेविषयी मी इतकी वर्षे बोलत राहिलो, आणि ती उणीव हातभर अंतरावर बसून ऐकत होती.

तो कागद पेटीत आहे. खाली अंगठा आहे, वर मजकूर नाही. पेटीवर मी कोणास बसू देत नाही. जो मागत नाही, त्याला विचारणे कोणाचे काम होते, एवढाच प्रश्न आहे. सबब विनंती, की या प्रकरणी लेखी उत्तर मिळावे. सामनेवाल्यास बचावात काही म्हणावयाचे नाही.