इवाई माझ्याआधी बसले

२०२२ साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो आणि साऱ्या वर्धा जिल्ह्यात माझ्या व्याह्यांपेक्षा हट्टी माणूस एकच होता, तो म्हणजे मी. व्याह्याला आमच्याकडं इवाई म्हणतात. हे माझ्या सुनेचे वडील, राहणार आर्वी. उमरभर एसटीत कंडक्टरकी केली आणि रिटायर झाल्यावरही गाडीतून उतरले नाहीत. घरी पंगत बसली की हे मधून फिरत "मागं जागा आहे, मागं सरका" करणार. लग्नातून परतताना आमच्या वऱ्हाडाच्या टेम्पोत माणसं जास्त झाली म्हणून त्यांनी एकाला हात धरून खाली उतरवलं. तो माझा मावसभाऊ निघाला. मी डोळे वटारले तर म्हणाले, नातं मोठं असते, पण नियम त्याच्याहून मोठा. मान पाळण्यात मात्र हा माणूस एक नंबर. मुलीकडच्यानं मुलाकडच्याच्या आधी बसू नये ही जुनी रीत आजकाल कोण पाळतो? हे पाळायचे. एकदा मी मुद्दाम अंगणात उभाच राहिलो, म्हटलं पाहू. चहा निवला, दुसऱ्यांदा आला, तोही निवला. आम्ही दोघं मांडवाच्या खांबासारखे उभे. शेवटी सून रडकुंडीला आली तेव्हा मी बसलो.

२०२१ साली मी मोटरसायकलवरून पडलो आणि उजव्या मांडीत रॉड टाकावा लागला. डॉक्टर म्हणाले, चाला. पण मला लंगडताना गावानं पाहावं हे मला पटेना, म्हणून मी खाट धरली. पोरगा म्हणाला, बाबा, तुमच्यानं होत नाही, मला नोकरीतून वेळ नाही, पाडव्यापासून वावर ठेक्यानं देऊन टाकू. मी भिंतीकडं तोंड फिरवलं. माझ्या बापानं एका बैलाच्या जोडीला स्वतः जुंपून घेऊन काढलेलं वावर ते, आता दुसरा वाहणार. सुनेनं ही गोष्ट आर्वीला कळवली आणि इवाई हजर. जयभीम केला, उभ्या उभ्या पाणी प्यायले आणि पोराला म्हणाले, "जवाईबापू, तुमचे बाबा खदानीची टेकडी चढले तं वावर देऊ नका. कबूल?" पोरगा हसून कबूल म्हणाला. मग माझ्याकडं पाहून इवाई हळूच बोलले, "जमत नसन तं राहू द्या. म्हातारपणी होते असं." ते मला बरोबर लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते.

केळझरच्या पलीकडं ही दगडाची खदान. एके काळी तिथं मोठी वस्ती होती, मजुरांची क्वार्टरं, पिठाची चक्की, बाजार. इवाईंची गाडी तिथं मुक्कामाला जायची. खदान बंद पडली, माणसं गेली, मागून लोकांनी दारं आणि छपरावरचे कवेलूही नेले. आता घराघरांत बाभळी राहतात. पोरानं आम्हाला ऑटोनं तिथं सोडलं आणि तो खालीच थांबला. इवाई मोडक्या थांब्यापाशी जरा उभे राहिले. "एक पॅसेंजर नाई राह्यला," एवढंच म्हणाले, आणि टेकडीला लागले.

अर्ध्यावर माझी मांडी थरथरायला लागली. बसायला पाहिजे होतं, पण थकलो हे मी कोणाच्या बापाला सांगणार नव्हतो. मी म्हटलं, "तुमी बसा, इवाई." ते म्हणाले, "आधी तुमी." "मी काऊन बसू? मी थकलो काय?" मग दोघंही चढत राहिलो. दहा पावलं गेलो की पुन्हा तेच. माथा अजून बराच वर होता. इवाईंनी एकदा माझ्या पायाकडं पाहिलं, आणि हा माणूस, ज्यानं आजवर माझ्याआधी बूड टेकवलं नव्हतं, तो धपकन खडकावर बसला.

"माफ करजा. माह्यात दम नाई राह्यला."

"पोरीचे बाप ना तुमी? माह्या आधी बसले?"

"बसलो. सांगजा गावभर."

मग मी बसलो. शिदोरीतली भाकर सोडली, ती मात्र त्यांनी आधी माझ्या हातावर ठेवली.

खाली आल्यावर पोरानं विचारलं, माथा गाठला का? मी तोंड उघडायच्या आत इवाई म्हणाले, "बाबा चढूनच राह्यले होते, मीच बसलो. माह्यापायी अर्ध्यावर राह्यलं." पोरानं माझ्याकडं पाहिलं. पुढं ठेक्याची गोष्ट त्यानं काढली नाही. दम लागलेला माणूस उतारावर हरणासारखा कसा उतरतो, हे मी कोणाला विचारलं नाही. त्यांनी त्या दिवशी आपला मान खाली ठेवला म्हणून माझा वर राहिला, एवढं मला कळतं.

आता मात्र त्यांना खरंच दम लागतो. यवतमाळला त्यांच्या पोराकडं राहतात, येणं होत नाही. फोनवर विचारतात, "माथा राह्यला ना आपला?" मी म्हणतो, राहिला. आता तो राहणारच, हे दोघांनाही माहीत आहे.

त्या टेकडीनंतरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोणाला न उठवता वावरात गेलो. लंगडत गेलो, रस्त्यानं दोघांनी पाहिलं, पाहू दिलं. कापूस वेचून झालेला, पऱ्हाट्या तशाच वाळून उभ्या होत्या. पाय रोवल्याशिवाय पऱ्हाटी उपटत नाही. मी उजवा रोवला आणि ओढली.