लॅबमामा आणि न जेवणारा बेडूक

लॅबमामांना काही विचारलं की उत्तराच्या आधी प्रश्न यायचे. सूक्ष्मदर्शकाचा दिवा लागत नाही अशी तक्रार गेली, की ते हातातलं काम न सोडता विचारायचे, "काल लागत व्हता? कोनी लावला व्हता? टेबल हलवलंय का?" एवढं झालं की मग उठायचे आणि बहुतेक वेळा सरळ दोषापाशी जाऊन उभे राहायचे. नव्वदच्या दशकात ऐरोलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा मला हे प्रश्न कामचुकारपणाचे वाटत. मी प्राणिशास्त्राची एम.एस्सी. होते, चोवीस वर्षांची होते, आणि मला उत्तरं पटकन हवी असायची.

"बल्ब उडालाय, मामा. बदला."

"उडाला नाय बाई, सैल हाय. तुमी काल पुसला ना."

मी पुसला होता.

मामा रबाळे गावचे. घरची जमीन नव्या शहरासाठी सरकारनं घेतली, त्यानंतर ते या नोकरीत आले. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण प्रयोगशाळेतली प्रत्येक बाटली त्यांना वासावरून ओळखू यायची. मुलं त्यांना लॅबमामा म्हणत, आम्ही शिक्षकही तेच म्हणत असू. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते रजेच्या अर्जावर.

त्या काळी बारावीला बेडकाचं विच्छेदन असायचं. दरवर्षी परीक्षेआधी ओल्या गोणपाटातून बेडूक यायचे. एका वर्षी त्यात मागचा पाय वाकडा असलेला एक मोठा हिरवट बेडूक निघाला. नमुना म्हणून त्याचा उपयोग नव्हता, म्हणून मामांनी तो बाजूला काढला. मी रुजू झाले तेव्हा त्याचं प्रयोगशाळेतलं चौथं वर्ष चालू होतं. तडा गेलेली एक माशांची टाकी, तिच्या एका बाजूला ओली माती, दुसऱ्या बाजूला चार बोटं पाणी, लपायला अर्धी फुटलेली कुंडी, वर जाळी आणि जाळीवर वीट. टाकी खिडकीजवळ, पण ऊन पोचणार नाही अशी ठेवलेली. बेडकाला नाव नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "नाव ठेवलं का लोक लाडानं खायला घालाया येतात."

खायला घालणं हे मामांच्या मते लाडाचं काम नव्हतंच. दर तिसऱ्या दिवशी दोन झुरळं किंवा एक मोठा नाकतोडा, बस. नाकतोडे कॉलेजशेजारच्या मोकळ्या प्लॉटवरच्या गवतातून यायचे. झुरळं मात्र ते घरून बाटलीत घालून आणत, कारण कँटीनमध्ये औषध मारलेलं असायचं. जिवंत किडा आत सोडायचा आणि चार पावलं मागं सरकायचं, हा नियम. एकदा दिघ्याच्या एका मुलीनं मायेनं बटाटेवड्याचा तुकडा टाकला. बेडूक दिवसभर त्याच्या शेजारी बसून राहिला. मामा तिला म्हणाले, "त्याच्या हिशोबी तो दगड हाय, बाय. जे हालतं तेच जेवन." टाकीतून उचलायची वेळ आली तर आधी स्वतःचे हात भिजवून घेत. कोरडा हात त्याला भाजतो, असं त्यांचं म्हणणं. मी हे सगळं पाठ्यपुस्तकात वाचलं होतं. बेडूक त्वचेनं श्वास घेतो, त्वचेनंच पाणी पितो, हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवत होते. तरी मामा हात भिजवताना दिसले की मला तो त्यांचा एक चाळा वाटायचा.

मी रुजू झाले त्याच पावसाळ्यात मामांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. महिनाभर रजा. जाताना बेडूक माझ्याकडे सोपवला. काय घालायचं, किती घालायचं ते सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "पानी मागच्या बादल्यांतलं."

प्रयोगशाळेच्या मागच्या बोळात दोन बादल्या कायम भरून उघड्या असत. मला त्या कधीच आवडल्या नव्हत्या. मामा गेले त्याच दिवशी डासांच्या अळ्या तपासणारा माणूस आला, आणि त्यापाठोपाठ साचलेलं पाणी ठेवू नये अशी कॉलेजची नोटीस फिरली. मी दोन्ही बादल्या ओतल्या, घासून पालथ्या घातल्या आणि टाकीही आरशासारखी केली. रोज सकाळी नळाचं ताजं पाणी घालायला लागले. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा दर्प असायचा. तो मला स्वच्छतेचा वास वाटत होता.

पाचव्या दिवशी बेडकानं झुरळाकडे बघितलं आणि डोळे मिटले. पुढच्या खेपेला नाकतोडा त्याच्या पाठीवर चढून बसला तरी तो हलला नाही. मी माझ्या पद्धतीनं उपाय सुरू केले, म्हणजे सगळे एकदम. गांडूळ घातलं, टाकी दुसऱ्या टेबलावर नेली, माती बदलली, कुंडी काढली. त्याची कातडी निस्तेज झाली. तो पाण्यात उतरेना. मातीच्या बाजूला काचेला चिकटून बसायचा.

शेवटी कॉलेज सुटल्यावर शेअर रिक्षानं रबाळ्याला गेले. मामा खाटेवर होते, डोळ्यावर हिरवी पट्टी. वाकायचं नाही, बाहेर पडायचं नाही, अशी ताकीद होती. त्यांनी मला बसवलं आणि प्रश्न सुरू केले. किती दिवस झाले? शी केली का? पोट फुगलंय का खपाटीला गेलंय? तोंड उघडून श्वास घेतो का? मी एकेक उत्तर देत गेले. पहिल्यांदाच मला कळलं, की मी रोज त्या टाकीसमोर उभी राहत होते पण यातलं निम्मं पाहिलंच नव्हतं.

"पानी बादलीतलंच ना?"

"हो, हो," मी म्हणाले.

चहा देणाऱ्या मामी समोर होत्या, मामांचा उघडा डोळा माझ्यावर होता, आणि त्यांनी सांगितलेली एकमेव साधी गोष्ट मी मोडली होती. तो होकार विचार न करता तोंडातून गेला.

मामी म्हणाल्या, "माझ्या जेवनाची येवढी चवकशी कंदी केली नाय यांनी."

"तुजं जेवन कंदी थांबलंच नाय," मामा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "कुंडी परत ठेवा. टाकी जुन्या जागी. चार दिस खायला नका घालू, हात नका लावू. नुसतं बघा आन लिवून आना. एका टायमाला एकच बदला, बाई, नायतर काय लागू पडलं ते कळत नाय."

मी अगदी तसंच केलं. फक्त पाणी नळाचंच राहिलं. चार दिवसांनी वही घेऊन गेले आणि वाचून दाखवली. मामांनी दोनदा वाचायला लावली.

"पान्यात का बसत नाय?" ते स्वतःशीच बोलत होते. "पावसाचे दिस. त्यानं तर पान्यात लोळाया पायजे. नलाचं बिलिचिंग लागलं म्हनावं, तर पानी आपलं दोन दिस उघडं ठेवलेलं, तो वास उडालेला." मग मान हलवून म्हणाले, "तुमी घालता ते बादलीतलं. म्हंजे पानी नाय. दुसरं कायतरी हाय."

आता मला कळलं, की त्या बादल्या कशासाठी होत्या. आणि तरीही मी बोलले नाही. घरी जाताना मनाशी ठरवलं, की गुपचूप बादली भरून ठेवायची, दोन दिवसांत सगळं जागेवर येईल आणि विषय संपेल. बादली भरली. पण दुसऱ्याच दिवशी बेडूक एका कुशीवर कलंडलेला दिसला. त्याला सरळ केलं तर बसला, पण मान खालीच. मी पुन्हा रबाळ्याला गेले.

मामांनी ऐकून घेतलं. या वेळी प्रश्न आले नाहीत.

"सोडा त्याला," ते म्हणाले. "प्लॉटवर डबकं हाय, तिकडं. खायला ठीक, जागा ठीक, पानी ठीक. मंग त्याचा जीवच इटला असंल त्या काचंला. चार वर्सं ठेवला, लय झालं. मीच समजायला पायजे व्हतं."

मामी म्हणाल्या, "डोला बरा होऊ दे, तुमी सोताच्या हातानं सोडा." मामांनी नको म्हणून हात हलवला.

माझ्या एका 'हो'वर त्यांनी सगळा हिशोब मांडला होता. तो चुकीचा निघाला, तर त्यांनी दोष स्वतःकडे घेतला. वाकड्या पायाचा, मान टाकलेला बेडूक डबक्यावर बगळ्यांच्या समोर किती वेळ टिकला असता, हे मला, शिकलेल्या बाईला, माहीत होतं.

"मामा, बादल्या मी पहिल्याच दिवशी ओतल्या. नळाचं पाणी घालत होते."

मामी तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. मी बोलणी खायच्या तयारीनं बसले होते. मामांनी विचारलं, "कवा भरत व्हता? सकाली का दुपारी?"

"सकाळी. पहिल्या धारेचं."

"सकालचं लय उग्र." त्यांच्या आवाजात राग नव्हता, हायसं वाटल्याचं मात्र स्पष्ट कळत होतं. "आता सापडलं. बादलीवर थांबू नका. गच्चीवर रुंद टोप ठेवा, पत्र्यावरनं गललेलं नको, वरनं सरल पडंल तेच पानी. टाकी त्यानंच धुवा. आन दोन दिस खायचं नाव काडू नका."

मी तसं केलं. पावसाच्या पाण्यात ठेवल्यावर तासाभरानं बेडूक स्वतःहून आत उतरला आणि डोळे तेवढे वर ठेवून बसला. तिसऱ्या दिवशी घसा हलायला लागला. पाचव्या दिवशी मी नाकतोडा सोडला आणि चार पावलं मागं सरकले. बराच वेळ काहीच नाही. मग एक फटका बसल्यासारखा आवाज झाला आणि नाकतोड्याचा एक पाय त्याच्या तोंडाबाहेर राहिला. ते सांगायला मी रबाळ्याला गेले, तेव्हा मामांनी विचारलं, "डावीकडनं घेतला का उजवीकडनं?" मला सांगता आलं.

मामा जाड चष्मा लावून कामावर आले. वागणं तसंच, बोलणं तसंच. फक्त एक फरक पडला. पाणी कधी भरलं असं ते मला विचारायचे, मी सांगायचे, आणि मग ते बोळात जाऊन बादलीत बोट बुडवून वास घ्यायचे. टोमणा म्हणून नव्हे. माझ्याकडून आलेली गोष्ट आता तपासून घ्यायची होती, इतकंच. दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाच्या बाबतीत ते तसं करत नसत. मी तक्रार कशाच्या जोरावर करणार? मी पाहिलेलं आणि न पाहिलेलं वेगळं ठेवायला शिकत गेले. वर्गातही त्याच सवयीनं शिकवलं, अजूनही शिकवते.

तीन वर्षांनी मामा निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी बेडूक घरी न्यायला त्यांनी एक तेलाचा डबा आणला होता, झाकणाला भोकं पाडून, तळाशी ओलं गोणपाट घालून. किल्ल्या मोजून देता देता त्यांनी विचारलं, "परवाचा नाकतोडा खाल्ला का त्यानं?"

"माहीत नाही, मामा. नाकतोडा टाकीत दिसत नाही. पण तो सोडून मी लगेच वर्गात गेले, खाताना बघितलं नाही. मातीत लपला असेल तरी मला कळणार नाही."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. टाकी त्यांच्यापासून चार पावलांवर होती. तिकडे ते गेले नाहीत.

"बरं," ते म्हणाले. उरलेल्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या, डबा उचलला आणि तो रिकामाच घेऊन घरी गेले.